लिंटलपर्यंतचं घर

हळदवाडी, ता. जळकोट
२१ मे २०२५

पंचफुलाबाई विहीणबाईंना धुरपताबाईचा जय भीम.

फोनवर मला तुमचं धड ऐकू येत न्हाई, आन आता तर टॉवरच आडवा झालाय. म्हणून हे कागदावर लिहून रविकांतजवळ देऊन राहिले. वाचताना आधी हे वाचा, की तुमची लुंबिनी खुशाल हाय आन तिच्या पोटातलं बी खुशाल हाय. दोघांना रविकांत तुमच्याकडं आणून सोडतोय. सातव्या महिन्याची वाट बघत बसू नका, माहेरपण आत्तापासूनच धरा.

झालं असं, परवा दुपारी वारं सुटलं. वावटळ म्हणावं तर गोल फिरत न्हवतं, सगळं आभाळच आडवं वाहून राहिलं होतं. मी दारात तूर पाखडत होते. वर कडकड वाजलं म्हणून मान वर केली, तर पत्रे एका बाजूनं उठले, जरा थांबले, आन मग सगळं छप्पर गुमान उठून निघालं. खरं सांगते, भेव वाटायच्या आधी मला ते लई देखणं वाटलं. एवढं लोखंड, आन भुजंगरावाच्या आंब्यावरून तरंगत पलीकडं गेलं. ऊन पडलं होतं, पत्रे चमकत होते. लुंबिनी बाजेखाली शिरली होती. मी तिला वढून बाहेर काढलं तर ती म्हणाली, आत्याबाई, घर कुठं गेलं?

गावात बाकीच्यांचे पत्रे दोन-चार वाकले, पण टिकले. त्यांच्या पत्र्यांवर दगड ठेवलेले असतात. आमच्यावर न्हवते. मीच ठेवू देत न्हाई. आता त्यावरून हे मला दोन दिस झाले बोलत न्हाईत, तसे ते एरवी बी कुठं बोलतात म्हणा.

तलाठी येऊन पंचनामा करून गेले. छप्पर कुठं गेलं विचारत होते. मी म्हटलं, हवा घेऊन गेली साहेब, तिलाच विचारा. ते हसले न्हाईत.

झोपायला मात्र मजा हाय. चार भिंती तशाच उभ्या हायेत आन वर काहीच न्हाई. आडवं पडलं की भिंतीच्या चौकटीत चांदण्या. छताबिगर घर लई मोठं वाटतं बघा.

पोरीला जपा.

तुमची,
धुरपता

*

नायगाव
२ जून

धुरपताबाई, जय भीम.

लेक पोचली, पोटातल्या पाहुण्यासकट. तुमचं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसत होती आणि मला रडू येत होतं. घरावरचं छप्पर उडालं आणि तुम्हाला ते देखणं वाटलं! धन्य आहे बाई तुमची. घर फिरलं की वासे फिरतात हे ऐकलं होतं, तुमच्याकडं तर घर जागेवर राहिलं आणि वरचंच फिरायला गेलं.

आता रागावू नका, पण बोलल्याशिवाय मला जेवण जात नाही. पत्र्यावर चार दगड ठेवायला काय झालं होतं? जळकोटच्या माळावर दगडांचा दुष्काळ पडला का? ठेवू देत नाही म्हणे! माझी गरोदर लेक त्या पत्र्याखाली होती.

रविकांतला सांगा, पंचनामा झाला म्हणून घरी बसू नको, ग्रामपंचायतीत रोज जाऊन बस. मी अंगणवाडीत जन्म काढलाय, मला ठाऊक आहे. सरकारकडून येणारं म्हणजे शेजारणीकडं गेलेली वाटी. चार वेळा दारात जाऊन उभं राहावं लागतं, तेव्हा मिळते. तुमचं नाव घरकुलाच्या यादीत आधीपासून आहे, तर आता पंचनाम्याच्या जोरावर वर येईल. आणि यंदा पत्र्याचा विचार सोडा. चांगला स्लॅब घाला. लेकरू जन्माला आलं की मी ते स्लॅबखालीच पाठवणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

तोवर तुम्ही दोघं इकडं या ना राहायला. पण तुम्ही कसल्या येता! लग्नाला चार वर्षं होत आली, आमच्या घरी एक मुक्काम केला नाहीत. उन्हं कलली की तुमच्या पायात चपला. मी पुरणाचा घाट घालते आणि तुम्ही शेवटची गाडी, शेवटची गाडी करता. आमच्या घरात ढेकूण आहेत का, एकदा सांगून टाका.

पंचफुला

*

हळदवाडी
२४ ऑगस्ट

विहीणबाई, जय भीम.

ढेकूण न्हाईत हो तुमच्या घरात. आमच्या जाण्या-येण्याचं मनावर घेऊ नका.

घरकुल मंजूर झालं! माझ्या नावावर. ग्रामसभेत नाव पुकारलं तर मी इकडं-तिकडं बघून राहिले, की ही धुरपताबाई कोण. पावसापुरते आम्ही शेतातनं मिळालेले वाकडे पत्रे जोडून एक खोपट उभं केलंय, त्यात राहतो. जुन्या भिंती उतरवल्या. पाया खांदला, जोतं बांधलं.

त्यात एक गंमत ऐका. काम पुढं सरकलं की साहेब येतो, मोबाईलवर फोटो काढतो, मग पुढचा हप्ता सुटतो. आन फोटोत घराच्या पुढं मालक उभा पाहिजे. मालक म्हणजे मी! महांतेश नावाचा पोरगा हाय, देवणीकडचा, अर्धं कानडी बोलतो. 'अव्वा, इल्ली निल्री' म्हणतो, म्हणजे आई, इथं उभ्या राहा. पहिल्या खेपंला नुसती मोकळी जागा होती, तरी मी तिच्यापुढं उभी राहिले. पदर नीट केला. फोटो बघितला तर माझ्यामागं काहीच न्हाई, नुसतं गवत आन आभाळ. मला तोच फोटो लई आवडला.

जोत्यावर बसून मी संध्याकाळी घर बघत बसते. इथं चूल, इथं बाज, इथं लुंबिनीची खोली. भिंती न्हाईत पण मला दिसतात. मग तिथंच डोळा लागतो. परवा सपनात ते घर पुरं झालेलं होतं, फक्त वर झाकण न्हवतं. आत लेकरू खेळत होतं. तोंड दिसलं न्हाई, मुलगी होती एवढं कळलं. जागी झाले आन आधी वर आभाळ हाय का बघितलं. असलं सपन नको बाई पुन्हा.

लुंबिनीला आता जड उचलू देऊ नका.

धुरपता

*

नायगाव
३० ऑगस्ट

धुरपताबाई,

तुमचं सपन खरं झालं, तुम्हाला नको असलं तरी. काल सकाळी लुंबिनी मोकळी झाली. मुलगी आहे. रंग तुमच्याकडचा, नाक आमच्याकडचं, आवाज मात्र कुठला कोण जाणे, सगळा दवाखाना गोळा केला. दोघी सुखरूप.

रविकांत फोनवर ओरडला, नाव बुद्धप्रिया. आधीच ठरवून बसला होता. नामकरण पुढच्या महिन्यात, वंदनेला भंतेजी येतील. तुम्ही या. आणि राहायला या, हे पुन्हा लिहिते.

मुलगी आहे म्हणून साखर वाटायला हात आखडू नका. आम्ही पेढे वाटलेत.

पंचफुला

*

हळदवाडी
४ नोव्हेंबर

विहीणबाई, जय भीम.

नामकरणाहून आले त्याला कितीतरी दिस झाले, पण पदराला पोरीचा वास अजून हाय. तो पदर मी धुतला न्हाई. हे म्हणतात, येडी झालीस. तिनं माझं बोट धरलं होतं ते तुम्ही बघितलं ना? सोडून राहिलीच न्हाई. मला तुमच्या अंगणातच तिला घेऊन बसायचं होतं, तुम्ही सारख्या 'आत या, आत या' करून राहिला होता.

मी तडक निघाले म्हणून तुमचं तोंड उतरलेलं मला दिसलं. काय करू?

इकडं भिंती चढून राहिल्यात. आता महिन्याभरात लिंटल येईल, म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्यावरनं सगळ्या घराला कमरपट्ट्यावानी सिमेंटचा पट्टा घालतात तो. हे घर मला असंच आवडतं बघा, वरून उघडं. दुपारचं ऊन एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत चालत जातं. साळुंक्या येऊन मधल्या भिंतीवर बसतात, त्यांना दार लागत न्हाई. मी गवंड्याला म्हटलं, दादा, सावकाश होऊ द्या, घाई न्हाई. म्हणाला, मावशी, लोक आमच्या मागं लागतात, तुम्ही पहिल्याच.

पोरीला माझा मुका.

धुरपता

*

नायगाव
१८ डिसेंबर

धुरपताबाई,

आज जय भीमही रागातच घालते.

काल रविकांत आला होता. जावई तोंड पाडून बसला, म्हणून मी खोदून विचारलं. लिंटल होऊन इतके दिवस झाले. महांतेश साहेब फोटो काढायला तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा तुम्ही घरी नाही! एकदा जळकोटच्या बाजाराला, एकदा मुखेडला कुणा आजारी बाईला भेटायला, एकदा तर म्हणे ज्वारीच्या रानात जाऊन बसलात आणि हाका मारल्या तरी ओ दिली नाही. घर तुमच्या नावावर, तुम्ही उभ्या राहिल्याशिवाय फोटो नाही, फोटोशिवाय स्लॅबचा हप्ता नाही. सरकार दारात येऊन उभं आहे आणि मालकीण रानात लपून बसली आहे, असं कुठं ऐकलंय का कुणी?

मी वेडी नाही. माझी लेक इथं बसून वाट बघते आहे, की सासरी कधी जाऊ. तुमच्या घराला स्लॅब पडला की मी पोरीला पाठवणार हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. आणि तुम्ही तो स्लॅबच पडू देत नाही. मुलीचं सपन पडलं तर 'नको बाई पुन्हा' लिहिलंत. नामकरणाला आलात, दुपारी पोरीला हातात घेतलंत आणि उन्हं कलायच्या आत पळालात. आता मला सगळं कळलं. मुलगा झाला असता तर स्लॅब कधीच पडला असता.

तुम्ही बाबासाहेबांच्या घरातल्या बाई. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लुंबिनीला मी हे बोलले नाही. ती अजून तुमचीच बाजू घेते. म्हणते, आत्याबाई तशा नाहीत.

तशा नसाल तर मग कशा आहात, ते लिहा.

पंचफुला

*

हळदवाडी
२६ डिसेंबर

पंचफुलाबाई,

हे पत्र लुंबिनीला वाचून दाखवू नका. तुम्ही एकट्या वाचा आन चुलीत घाला.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला घास गेला न्हाई. पोरगी झाली म्हणून मी तोंड फिरवलं, असं तुम्हाला वाटलं! तुमचा काय दोष. मीच बोलले न्हाई. ओल्या बाळंतिणीच्या कानावर असलं काही पडू नये म्हणतात, आन तुम्ही तर माझी पत्रं मोठ्यानं वाचता.

मला एक लेक होती. रविकांतच्या आधीची.

मव्हं माहेर औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वक्ताला मी भावाकडं गेले होते, पोरीला घेऊन. तिला नुकतं बोलता यायला लागलं होतं, दिवसभर बडबड. आमच्या बापाचं घर माळवदाचं. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडं आन लाकडांवर ढीगभर माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब. गावात म्हणायचे, घर असावं तर असं. पहाटं मी बाहेर गेले होते. पोरगी आत मव्ह्या आईच्या कुशीत झोपली होती. जमीन हलली, मी पडले. उठून बघितलं तर घर न्हवतं. नुसती धूळ. मी धावले, तर लोकांनी मला धरलं. सोडा म्हणून मी चावले बी एकाला. आत जाऊ द्या, आत जाऊ द्या. ते म्हणाले, बाई, आत असं काही उरलंच न्हाई.

तवापासून मला डोक्यावर जड काही नको वाटतं. इथं हळदवाडीला बी माळवदच होतं, ते मी उतरवायला लावलं. मव्हा मालक एक शब्द बोलला न्हाई, उतरवलं आन पत्रे घातले. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, मी हूं म्हटलं न्हाई. पत्र्यावर दगड ठेवायला लोक सांगायचे. लेकराच्या डोक्यावर मी दगड ठेवू? म्हणून ते उडाले. तुमची लेक मव्ह्या भेवापायी त्या दिवशी बाजेखाली शिरली, हे मला कळतं. कळत न्हाई असं न्हाई.

तुमच्या स्लॅबखाली बसले की मला वरचं वजन ऐकू येतं. कानानं कमी ऐकते, पण ते ऐकू येतं. तुमचं घर चांगलं हाय, तुमची माया बी खरी हाय, पण उन्हं कलली की मव्हा जीव बाहेर पळतो.

आन हा फोटो. मी उभी राहिले की हप्ता येणार, हप्ता आला की स्लॅब पडणार, आन त्याच्याखाली पाळणा बांधणार. कुणाचा पाळणा, ते तुम्हाला माहीत हाय. म्हणून मी बाजाराला जाते. मव्ह्या लेकीसाठी बाई कुणी भांडलं न्हाई, मी नातीसाठी रानात लपून बसले, एवढंच.

रविकांतला फक्त इतकं ठाऊक हाय, की एक बहीण होती आन लहानपणीच गेली.

आता तुम्हीच सांगा मी कशी हाय.

धुरपता

*

नायगाव
२ जानेवारी २०२६

धुरपताबाई,

पत्र चुलीत घालायला गेले होते. हात पुढं होईना. माझ्या पातळाच्या घडीत ठेवलंय.

मी काय काय बोलले तुम्हाला! जीभ झडो माझी. तुम्ही माझ्या ओसरीवर बसून 'वारा चांगला आहे इथं' म्हणायच्या आणि मी मनात म्हणायची, बघा, विहीणबाईंना आमचं घर लागत नाही. चार वर्षं मी तुम्हाला हात धरधरून आत ओढत होते. आठवलं की अंगावर काटा येतो.

स्लॅब घाला असं आता मी सांगणार नाही. घालू नका असंही सांगता येत नाही मला, काय करू? तुम्हाला छत पडायचं भेव, मला ते उडून जायचं. माझी लेक पत्र्याखालून वाचली, ती दर वाऱ्याला दचकते. आपण दोघीही एकाच पोरीसाठी भितो आहोत. दोघींचं भेव घालवील असं छप्पर कुठलं सरकार देईल? ते तुमच्या दारात चार भिंती आणि लोखंड घेऊन आलेत, त्यांनी तरी आणखी काय करावं? पोरगी तुमची आहे. तुम्ही ठरवाल तसं. मी तिला इथं ठेवून घेईन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

एक विचारते. तुम्ही भिंतीची जाडी लिहिलीत, मातीचं ओझं लिहिलंत. पोरीचं नाव लिहिलं नाहीत.

काय नाव होतं तिचं?

पंचफुला

*

हळदवाडी
१५ फेब्रुवारी

पंचफुलाबाई, जय भीम.

शेवंता.

हे एवढं लिहायला मला लई दिस लागले. लिहिलं आन कागद उलटा करून ठेवला. मग तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हे बैलाचं दावं वळत बसले होते. नावाचं आलं तेव्हा त्यांचे हात थांबले. मी वाटच बघत होते, की उठून जातील. तर म्हणाले, 'तिला गूळ लई आवडायचा. मुठीत वितळून जायचा, तरी मूठ उघडायची न्हाई.'

म्हणजे ह्या माणसाला सगळं आठवत होतं बाई! मला वाटायचं विसरला. त्याला वाटायचं, नाव काढलं तर ही मरंल. आम्ही दोघं दावं तसंच टाकून बोलत बसलो. शेवंता कशी चालायची, शेवंता कुणाला चिमटे काढायची. दिवस उतरला तरी चूल पेटवली न्हाई. रविकांत आला तर आम्ही दोघं रडून बी राहिलो होतो आन हसून बी. त्याला सगळं सांगितलं. तो मव्ह्या मांडीवर डोकं ठेवून पडला, एवढा घोडा झालाय तरी.

दुसऱ्या दिवशी मीच महांतेशला बोलावणं धाडलं. त्याला म्हटलं, बाबा, मी अशी-अशी हाय, मला भेव वाटतं. त्यानं मला पट्ट्यातलं लोखंड दाखवलं, कोपऱ्यातले खांब दाखवले. मला त्यातलं काही कळलं न्हाई. पण त्यानं घाई केली न्हाई. म्हणाला, अव्वा, तुम्ही बसा, मनात आलं की सांगा, मी उन्हात थांबतो. मी उठले आन उभी राहिले. पदर नीट केला. फोटोत मी रडकी आलेय, सरकारला चालतं म्हणे.

मग स्लॅब पडला. गाव मदतीला आला, मजुरांना गोड जेवू घातलं. आता मी रोज शिडीनं वर जाऊन त्याला पाणी मारते. गवंड्यानं वर मातीच्या पाळी घालून वाफे केलेत, त्यात पाणी भरते. वाफ्यांत आभाळ दिसतं. परवा एक पांढरा ढग या वाफ्यातनं त्या वाफ्यात गेला, मी त्याच्यामागं भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेले. छत पायाखाली असलं की ते छत वाटतच न्हाई, अंगण वाटतं. वरून मला सगळं दिसतं, तळं, विहार, भुजंगरावाचा आंबा. शेवंताला घेऊन इथं उभं राहावं वाटलं.

पण तुम्हाला खोटं लिहिणार न्हाई. वर जाते, खाली जात न्हाई. उंबऱ्यापर्यंत जाते आन माघारी येते. घर तयार होत आलंय, पोरीला पाठवा. हे, रविकांत, लुंबिनी, पोरगी आत झोपतील. मव्ही बाज अंगणात. मला त्याचं वाईट वाटत न्हाई.

धुरपता

*

नायगाव
५ मार्च

धुरपताबाई, जय भीम.

लुंबिनीला आणि तुमच्या नातीला या पत्राबरोबर पाठवते आहे. लुंबिनीला मी सांगितलं. तिनंच विचारलं, आई, तू आत्याबाईंची पत्रं हल्ली एकटी का वाचतेस? ऐकलं आणि पोरीला छातीशी धरलं. मग म्हणाली, मी त्यांना कधीच आत या म्हणणार नाही. अंगणात त्यांच्याजवळ पोरीला देईन आणि आपलं काम करीन.

शहाणी आहे माझी लेक, माझ्यावर गेली नाही.

बुद्धप्रियाला दोन दात आलेत. चावते. सांभाळा. घर ओकंओकं झालंय, जास्त लिहवत नाही.

पंचफुला

*

हळदवाडी
१२ एप्रिल

पंचफुलाबाई, जय भीम.

काल वारं आलं.

आधी हे वाचा, की पोरगी खुशाल हाय. मव्ह्या जवळच लोळून राहिली हाय, हे पत्र वढून घ्यायला बघतेय.

परवा जयंती, म्हणून रविकांत आन लुंबिनी पांढरी कापडं आणायला जळकोटला गेले होते. हे विहाराला चुना द्यायला. मी आन पोरगी दोघीच, अंगणात बाजेवर. ती पालथी पडून मव्हं बोट चावत होती, मी तिला वरच्या ढगांच्या गोष्टी सांगत होते. एकाएकी तिकडनं सगळं धुळीनं तांबडं झालं. तसंच, मागल्या वर्षीवानी, आभाळ आडवं. शेजारच्या शेळ्यांच्या कोठ्याचा पत्रा सुटला. तो आमच्या अंगणातनं खणखण करत गेला आन कमरेएवढ्या उंचीवरनं बोरीच्या झाडात घुसला. मी पोरीला पदरात गुंडाळलं. गारा पडायला लागल्या. तिला लागून राहिल्या होत्या, पंचफुलाबाई. इवल्या डोक्याला.

मी धावले. उंबऱ्याशी मव्हे पाय थांबले. मागं वारं, पुढं छत. किती वेळ उभी होते मला ठाऊक न्हाई. पोरीनं किंकाळी फोडली.

तवा मला लोकांनी धरलं होतं. काल मला धरायला कुणीच न्हवतं.

मी आत गेले.

मधल्या खोलीत, कोपऱ्यात, खांबाला पाठ लावून बसले. वर गारा वाजून राहिल्या होत्या. मी डोळे गच्च मिटले, आता येतं, आता येतं. पोरीवर वाकून तिच्यावर मव्हंच छप्पर केलं. तिला थोपटत होते आन तोंडानं काय म्हणून राहिले ते मव्ह्याच ध्यानात न्हवतं. मग ऐकू आलं. शेवंता, शेवंता, म्हणून राहिले होते. आन ही तुमची बुद्धप्रिया त्या नावाला बी हुंकार देऊन राहिली होती. हूं. हूं. मग झोपली. मांडी एकीच्याच वजनानं जड झाली होती का दोघींच्या, मला सांगता येणार न्हाई. वर नुसतं पाणी वाजत होतं. मला वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी बसलोय आन वर कुणीतरी आपल्यासाठी धान्य पेरून राहिलंय. भेव होतं. पण ते मव्ह्या शेजारी बसलं होतं, मव्ह्यावर न्हवतं.

मला बी डोळा लागला असंल.

जाग आली ती यांच्या आवाजानं. चुन्यानं पांढरे झालेले, चिंब भिजलेले, अंगणात मव्हं नाव घेऊन फिरून राहिले होते. इतक्या वर्षांत मव्हं नाव त्यांनी असं मोठ्यानं कधी घेतलं न्हवतं. बाज उलटी पडलेली बघितली, झाडातला पत्रा बघितला. बोरीखाली बघितलं, आडात वाकून बघितलं. घराकडं ते आलेच न्हाईत. मी तिथं असंन, असं त्यांच्या मनात सुद्धा आलं न्हाई.

मी पोरगी उठू नये म्हणून हळूच हाक दिली. ते दारात आले, चौकटीला हात लावून उभे राहिले. आत अंधार होता, त्यांना दिसत न्हवतं.

'धुरपता, आत हाईस?'

'हाव,' मी म्हटलं, 'आत हाय. आमी दोघी बी. या.'

धुरपता